डायलिसिसचे नंबर लावणारे सर

एन्टरच्या बटणावर बोट टेकवायचं, पण दाबायचं नाही. मान वळवून शेजारी जो कोणी असेल त्याला विचारायचं, "दाबू काय?"

शेजारी कधी मी असे, कधी वॉर्डातली मावशी, कधी एखाद्या पेशंटचा जावई. कम्प्युटरमधलं आम्हाला कोणालाच काही कळत नसे. पण "दाबा" म्हटल्याशिवाय सर दाबत नसत. दाबल्यावरही दोन-तीन मिनिटं स्क्रीनवरची नजर हलायची नाही. असा माणूस तुमच्याही ऑफिसात कुठेतरी असेल. सगळं नीट चाललंय याचीच ज्याला धास्ती वाटते, असा.

बुलडाण्याच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात मी डायलिसिसची सिस्टर. सर मूळचे देऊळघाटचे, आधी टायपिंग आणि कम्प्युटरचे क्लास घेत. दवाखान्यात आले ते बिघडलेला प्रिंटर बघायला. प्रिंटर सुरू झाला, पण भिंतीवर लावलेला नंबरांचा कागद बघून ते तिथेच थांबले. आठ मशीन, चाळीसच्या वर पेशंट, आणि कोणाला कोणत्या दिवशी किती वाजता बोलवायचं ते खोडाखोड करून लिहिलेलं. "सिस्टर, हे तुम्ही हातानं लिहून राह्यल्या? एखादं नाव सुटलं तं?" त्या दिवशी प्रिंटरपेक्षा त्या कागदानेच त्यांना जास्त घाबरवलं.

महिन्याभरात त्यांनी नंबर लावायचा प्रोग्रॅम बनवला आणि दवाखान्याने त्यांना नोकरीवर ठेवून घेतलं. पेशंटला मोबाईलवर मेसेज जायचा, कोणी आलं नाही तर माझ्या स्क्रीनवर नाव लाल व्हायचं. पण खरी गंमत पुढेच होती. प्रोग्रॅमला एसटीच्या वेळा ठाऊक होत्या. लोणारच्या माणसाला दुपारचा नंबर कधीच मिळत नसे, कारण चार तास मशीनवर काढून त्याला शेवटची गाडी सापडली नसती. त्यासाठी सर एकदा स्वतः एसटीने लोणारला जाऊन आले होते. आल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, मेहकरले गाडी लय वेळ उभी राह्यते. आपण हिशेबात धरलंच नव्हतं!" सरोवर पाहिलं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ते राह्यलंच."

मग त्यांना डेंग्यू झाला. आमच्याच दवाखान्यात ॲडमिट होते. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम अडला. बाहेर पेशंट बसलेले, आत कोणाला घ्यायचं ते दिसेना. दवाखान्यात दुसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सरांच्या खाटेपाशी जाऊन नुसतं सांगितलं, तर ते उठलेच. एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत व्हरांड्यातून आले आणि अर्ध्या तासात प्रोग्रॅम सुरू केला. बाहेरचे पेशंट त्यांच्याकडे बघत होते.

बरे होऊन आले, पण ती सकाळ त्यांच्या मनातून गेली नाही. गाडी हळू चालवू लागले. सर्दी झाली तरी विचारायचे, "ताप तं नाही ना येणार, सिस्टर?"

त्या सकाळचा गोंधळ मोठ्या डॉक्टरांनीही बघितला होता. त्यांनी मीटिंग बोलावली. पुण्याच्या एका कंपनीला काम द्यायचं, की सरांच्या हाताखाली आणखी दोन माणसं घ्यायची, एवढाच प्रश्न होता. मी सरांच्या बाजूने बोलायचं ठरवूनच गेले होते. इथल्या पेशंटांचं पुण्यात बसून काय कळणार, हे वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही ठेवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

सरांनी टेबलाकडे बघत उत्तर दिलं, "कंपनीले द्या, साहेब."

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "काऊन हो सर? स्वतःच्या हातानं?"

"दोन माणसं घेतली तरी शिकली की पुण्याले जातीन. मंग पुन्हा मी एकटाच," ते म्हणाले. "अन् मले काही झालं तं या लोकायले कोण बोलावीन? तुम्ही सांगा. रोज गाडीवर येतो मी. रस्त्यात ट्रक आला की मले आधी मशीन दिसते."

मी वॉर्डाकडे वळले.

कंपनीकडून एक तरुण मॅडम आल्या. हुशार, शांत, ऐकून घेणाऱ्या. सरांनी त्यांच्यासाठी एक जाडजूड वही भरली होती. प्रोग्रॅम काय करतो आणि का करतो, सगळं. दोन दिवस ते मॅडमना समजावत होते आणि मध्येच, "हे सांगतलं ना मी तुम्हाले?" म्हणून मागची पानं उलटत होते. एसटीच्या वेळांचं निघालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, हे पुढच्या टप्प्यात घेऊया." सरांनी मान डोलावली. चेहरा मात्र उतरला. त्यांच्या आग्रहावरून पंधरा दिवस दोन्ही प्रोग्रॅम शेजारी-शेजारी चालले. तोवर लोणारचे नंबर ते स्वतः हाताने बदलत होते. मग जुना बंद झाला, आणि नंबर हाताने बदलायची सोय नव्यात उरली नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. गुरुवारी अकराच्या सुमाराला सर माझ्याकडे आले. "कौसल्याबाई नाही दिसल्या?"

कौसल्याबाई लोणारच्या. सोमवार आणि गुरुवार न चुकता पहिल्या गाडीने येणाऱ्या. मी नव्या स्क्रीनवर बघितलं. "त्यांचा नंबर तीनला आहे."

"तीनले?" सरांनी स्क्रीनवर वाकून बघितलं. "मंग त्या येतच नाही, सिस्टर. फोनही नाही करणार. सोमवारीच येतीन एकदम."

बाईंचा मोबाईल बंद लागत होता. सोमवार ते सोमवार म्हणजे आठवडा. कौसल्याबाईंचं हृदय तेवढं झेलणारं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि सरांनाही. सरांनी वही उघडली. बाईंच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर तिथे होता. दुकानदाराने घरी जाऊन बघितलं, तर बाई पाय सुजून बसलेल्या. "मेसेज आला होता, पण गाडी नाही ना मंग वापस," असं त्यांनी सांगितलं म्हणे. त्यानेच एक जीप केली. साडेतीनला बाई पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, एक वाक्य पुरं होत नव्हतं. मी मशीन लावेपर्यंत सर दारात उभे होते. आत येत नव्हते आणि जातही नव्हते. तासाभराने धाप कमी झाली. मी मान हलवली, तेव्हा कुठे ते भिंतीला टेकून खाली बसले.

मॅडमना त्यांनी फोन केला, पण आवाज चढवला नाही. पलीकडून मॅडमच रडवेल्या झाल्या होत्या. "सर, हे मला आधीच कळायला हवं होतं."

"वहीत होतं, मॅडम. पण एवढी मोठी वही लिहिली मी, त्यात महत्त्वाचं खाली गेलं. ते माझ्याकडून झालं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नव्या प्रोग्रॅमला एसटीच्या वेळा कळल्या. त्यानंतर एकही नंबर चुकला नाही. सर वर्षभर राहिले. काम उरलं होतं ते कंपनीला फोन करायचं, आणि तोही करायची वेळ क्वचितच येई. एक दिवस राजीनामा देऊन ते गावच्या शाळेत मुलांना कम्प्युटर शिकवायला गेले. जाताना ती वही माझ्या कपाटात ठेवून गेले.

परवा पुण्याहून मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या एक पेशंट प्रत्येक मेसेजला उत्तर पाठवतात. आमचे मेसेज आपोआप जातात, उत्तरं इथे कोणी वाचत नाही. त्यांना एकदा सांगाल का?"

काय उत्तर असतं, मी विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं, "हाव भाऊ, येतो."

कौसल्याबाईच. सरांना भाऊ म्हणणाऱ्या त्याच. त्या सांगत असणार आणि सून टाइप करत असणार. मेसेज सर पाठवतात, असंच त्या अजून धरून चालल्या होत्या.

मी सरांना फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे शाळेतल्या मुलांचा गलका ऐकू येत होता. त्यांनी एवढंच विचारलं, "पण वेळेवर येतात ना त्या?"

"येतात."

"मंग राहू द्या, सिस्टर. सांगू नका."