ट्रॉलीचा पट्टा

आज सकाळी भाजीवाली सुमन तिच्या बॅटरीच्या सायकलला मागची ट्रॉली जोडत होती. खीळ घातली, वरून पट्टा आवळला, आणि दोनदा ओढून बघितलं. मी ओट्यावर बसून बघत राहिलो.

"काय तात्या, चुकलं का काय माझं?"

"नाही," म्हटलं. "बरोबर आहे."

मीही अशीच बॅटरीची सायकल घेतली होती, तिच्या ट्रॉलीलाही पट्टा होता. दुकानदार म्हणाला होता, "खीळ निसटली, तर हा धरतो." मी म्हटलं, "जन्मभर बैलगाडी हाकलीय मी, मला शिकवू नको." आणि पट्टा घरी खुंटीला टांगला. बैल उतारावर मान मागं रेटून ओझं अडवतो, कारण मागं ओझं आहे हे त्याला कळतं. सायकलला कळत नाही. जे येतं त्याच्याच जोरावर माणूस चुकतो, असं आता वाटतं. बायकोला ट्रॉलीत बसवून बाजाराला निघालो, उतारावर खीळ उडाली, आणि ट्रॉली तिच्यासकट रस्त्याकडेच्या चारीत गेली.

तेव्हापासून ती खाटेवर आहे. भेटायला येणाऱ्याला सांगते, "मोरीत पाय घसरला माझा."

मी शेजारीच बसलेला असतो. तिला खोटं पाडायला आजवर माझं तोंड उघडलेलं नाही.