दोघांची सायकल, छत्तीस तारा

अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरहून स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियातलं गाव मोटारीने चार तासांवर आहे. आम्हाला सहा दिवस लागले, आणि तरीही शेवटच्या दिवशी मला वाटलं की रस्ता अजून थोडा लांब असता तर बरं झालं असतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा विलास. मी सत्तावन्न, तो एकसष्ट. सायकल एकच, पण तिला सीट दोन, हँडल दोन आणि पेडलच्या जोड्याही दोन. हिला टँडम म्हणतात. पुढचा माणूस दिशा, ब्रेक आणि गिअर सांभाळतो. मागच्याने पेडल मारायचं आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. मागच्या सीटवर विलास होता.

खरं तर आमच्या घरात सायकलवाला तोच. साताऱ्याला त्याच्या मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे चाकाचा आऊट काढणं (वाकडं फिरणारं चाक तारा पिळून सरळ करणं) त्याला पाढ्यांच्या आधी आलं असावं. अमेरिकेत आल्यावरही सुट्टीच्या दिवशी साठ-सत्तर मैल मारून यायचा आणि मग दुपारभर घोरायचा. मग काचबिंदूने त्याच्या नजरेच्या कडा खायला सुरुवात केली. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. आधी मोटार चालवणं बंद झालं. नंतर एकदा शेजाऱ्यांच्या टपालपेटीवर सायकल आदळली, तेव्हा त्याने ती गॅरेजमध्ये उलटी टांगून ठेवली. चिडला असता, भांडला असता तर मी निभावून नेलं असतं. पण तो मुकाट झाला, आणि विलास मुकाट बसलेला मला बघवत नाही. जानेवारीत मीच म्हटलं, "दोघांची सायकल घेऊ. मी पुढे बसते."

"तू?" तो म्हणाला. मी नागपूरला कॉलेजात असताना शेवटची सायकल चालवली होती, आणि माझ्या मोटार चालवण्याबद्दल त्याची मतं सगळ्या मित्रमंडळींना पाठ आहेत.

"मीच. दुसरी कोण बसणार आहे?"

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "डोंगर दिसतायत तोवर पेनसिल्व्हेनियाचे डोंगर एकदा सायकलवरून बघायचेत." मग मला रात्रंदिवस एकच काळजी लागली, त्याने माझ्या मागे निर्धास्त बसावं.

"सायकल घेताना आधी चाकं ठरवावीत, रंग शेवटी," असं त्याचे मामा म्हणत. मला निळा रंग आवडला होता, पण मी गप्प बसले. डेलावेअर नदीपलीकडे टँडम बांधणारं एक छोटं दुकान आहे. तिथली पॅट नावाची बाई सत्तरीची, हातांना कायमचं काळं ग्रीस. विलासने चाकं डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघितली. जवळजवळच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबायच्या, मग एकेक तार नखाने छेडून कान लावायचा. सारख्या ताणलेल्या तारा सारख्याच वाजतात, हे मला तेव्हा कळलं. सव्वीस इंची चाकं ठरली, कारण लहान चाक वजनाला दणकट आणि त्याची ट्यूब खेड्यातही मिळते. टायर दोन इंच रुंद. चढासाठी मागे मोठं दातेरी चक्र, म्हणजे आमच्या वयाच्या गुडघ्यांना दिलासा.

वाद झाला तो तारांवरून. पॅट म्हणाली, "दोन माणसं, वर सामान. मागच्या चाकाला चाळीस तारा घ्या."

विलासने लॅपटॉपवर तक्ता करून आणला होता. आमची वजनं, सायकलचं वजन, बॅगांचं, पाण्याच्या बाटल्यांचंसुद्धा. "सामान पस्तीस पौंडांच्या वर जाणार नाही. छत्तीस पुरेत. चाळीसवालं चाक यायला दीड महिना लागेल."

"तुमचा आकडा खरा असेल तर पुरेत," पॅट म्हणाली.

आकडा खरा होता. तो खोटा मी केला.

ज्यांना इथली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपला माणूस कुठेही निघाला, की ज्यांचं कुणी त्या गावी असतं ते सगळे पिशवी घेऊन दारात येतात. "जाताच आहात तर एवढं न्या." स्टेट कॉलेजला युनिव्हर्सिटी, त्यामुळे ओळखीतल्या निम्म्या घरांतली पोरं तिथे, आणि भारतीय दुकानं मोजकीच. निघायच्या आठवड्यात एकीने बेसनाचे लाडू दिले, दुसरीने गोडा मसाला आणि चिवडा. समोरच्या मंगलकाकूंनी तर भाचीसाठी तीन लिटरचा प्रेशर कुकर आणला. आम्ही सायकलवर जातोय हे त्यांना माहीत होतं. "मोटारीपेक्षा सायकलवर सांभाळून जाईल गं," त्या म्हणाल्या. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. विलास आंघोळीला गेला असताना मी कुकर टॉवेलात गुंडाळला आणि बाकीच्या पिशव्यांसकट मागच्या बॅगेत तळाशी सरकवला. सांगितलं असतं तर त्याने तक्ता उघडला असता.

पहिला दिवस कालव्याकाठच्या मातीच्या वाटेवर गेला. सपाट रस्ता, दोन्हीकडे झाडं, पाण्यात ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं. सगळं छान होतं, फक्त मागून सूचना थांबत नव्हत्या. "ब्रेक. गिअर उतरव. डावीकडे घे. माणूस आहे का पुढे?" शेवटी मी सायकल थांबवून म्हटलं, "विलास, तू पुढे ये, मी मागे बसते." तो हसला, पण त्याच्या हँडलची मूठ घामाने ओली होती. तेव्हा समजलं की तो हुकूम सोडत नव्हता, घाबरला होता.

डेलावेअर नदी ओलांडली, तिच्या काठाकाठाने वर गेलो, मग लीहाय नदी धरली. दिवसाला पस्तीस मैल, आणि मुक्कामाला मोटेल किंवा कुणाच्या घरातली खोली. तिसऱ्या दिवसापासून सूचना कमी झाल्या. एका चहाच्या थांब्यावर शूफ्लाय पाय खाल्ला. हा काकवी घातलेला गोड पदार्थ, आणि चव थेट कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाची. वाढणारी बाई विलासला म्हणाली, "तुम्ही मागे बसता? मज्जा आहे तुमची."

"मज्जा नाही, परीक्षा आहे," विलास म्हणाला, आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. चौथ्या दिवशी एका लांब उतारावर तो चक्क गुणगुणत होता. मी डोळे पुसले, वाऱ्याने पाणी आलं असं स्वतःला सांगून.

पाचव्या दिवशी मिफ्लिनबर्ग मागे टाकून आम्ही पेन्स व्हॅलीत शिरलो. दोन्ही बाजूंना लांबच लांब सरळ डोंगर, मधे शेतं, आणि रस्त्याच्या कडेने टपटपत जाणाऱ्या काळ्या बग्या (घोडागाड्या). विलास मान वळवून वळवून डोंगर बघत होता, नजरेच्या त्या अरुंद खिडकीत एकेक तुकडा घेत होता. तेवढ्यात मागून 'टंग' असा आवाज आला.

"थांब," तो म्हणाला. "तार तुटली."

चोराच्या मनात चांदणं. मला लगेच कुकर आठवला, आणि म्हणूनच मी म्हणाले, "दगड उडाला असेल रे." अर्धा मैल पुढे गेलो, आणि पुन्हा 'टंग'. आता चाक लटपटत फ्रेमला घासायला लागलं आणि थांबावंच लागलं.

एक बगी शेजारी येऊन थांबली. हाकणाऱ्या दाढीवाल्या आजोबांनी चाकाकडे बघितलं आणि सांगितलं, "दोन शेतं पुढे एली आहे. सायकली दुरुस्त करतो." इथल्या शेतकऱ्यांतले बरेच जण मेनोनाइट पंथाचे. त्यातले जुन्या वळणाचे लोक मोटार बाळगत नाहीत, सायकल मात्र चालते. आम्ही सायकल ढकलत गेलो. गोठ्यामागे लाकडी शेड, छतात काचेची तावदानं, विजेचा दिवा एकही नाही. एली पन्नाशीचा, गॅलिसवाली पँट, बोलणं अगदी हळू. त्याने तुटलेल्या तारांचं माप घेतलं, दोन नव्या तारा कापल्या आणि हाताने फिरवायच्या यंत्रावर त्यांना आटे पाडले. विलास ते यंत्र हाताने चाचपून बघत होता, आणि त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता.

एलीने विचारलं, "वजन किती नेताय?"

"सामान चौतीस पौंड," विलासने लगेच सांगितलं.

एलीने मागची बॅग एका हाताने उचलली, खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "ही एकटीच पंचवीसच्या आसपास असेल," तो म्हणाला.

विलासने बॅग ओढून घेतली आणि आत हात घातला. लाडवांचा डबा, मसाल्याच्या पिशव्या, मग टॉवेल, मग टॉवेलाच्या आत मूठ आणि शिट्टीची जागा.

"कुकर," तो म्हणाला.

"मंगलकाकूंनी दिला. नाही म्हणवेना."

"नाही म्हणूच नको. मला सांगायचं होतंस." त्याने कुकर बाहेर काढला. "मला नीट दिसत असतं, तर लपवला असतास?"

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते फार वाईट होतं. दिसत असतं तर मी प्रयत्नसुद्धा केला नसता. पाच दिवस हा माणूस माझ्या नुसत्या शब्दावर डोंगर उतरत होता, आणि मी त्याच्या डोळ्यांच्या आडोशाला सामान ठेवलं होतं. "नसता लपवला," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. तार तुटली तेव्हाही मी खोटं बोलले, हेही सांगून टाकलं.

एलीला मराठी कळत नव्हतं. त्याने पाठ वळवून चाकात नव्या तारा ओवायला घेतल्या, हे त्याचे उपकार.

कुकर बाजूला ठेवून विलास म्हणाला, "अजून काय आहे? सगळं सांग."

मी सांगितलं. लाडू दोन डबे, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी.

"चटणीचा वास पहिल्या दिवसापासून येतोय. मला वाटलं, आपल्यासाठी आहे." आणि तो हसला. पूर्ण नाही, पण हसला. मला तेवढ्याने हायसं वाटलं.

मग त्या दोघांनी मिळून चाकाचा आऊट काढला. एली तार छेडायचा, विलास डोळे मिटून ऐकायचा. "ही ढिली. ही पुढची जास्त आवळलीय." एली चावीने पाव फेरा द्यायचा. त्याने एकदाही विलासला विचारलं नाही की डोळ्यांना काय झालंय.

मंगलकाकूंच्या भाचीला, ऋतुजाला, मी तिथूनच फोन केला. ती युनिव्हर्सिटीत शिकते. पाऊण तासात मोटार घेऊन हजर झाली. "मावशी, सिरियसली? तुम्ही कुकर सायकलवर आणलात? मला एक मेसेज करायचा ना, मी ड्राइव्ह करून घेऊन गेले असते!" असं म्हणत तिने कुकर छातीशी धरला. "चार महिने पातेल्यात डाळ शिजवतेय यार." सगळ्या पिशव्या तिच्या गाडीत गेल्या. मग ती म्हणाली, "काका, तुम्हीपण बसा ना. सायकल आपण नंतर पिकअप करू. पुढे चढ आहे, ट्रॅफिकपण आहे."

विलास माझ्याकडे वळला. "तू सांग. रस्ता कसा आहे?"

हे त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं होतं. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले, नीट बघितलं आणि परत येऊन होतं तसं सांगितलं. "मोठा चढ आहे. कडेची पट्टी अरुंद आहे, ट्रक जातायत. मला भीती वाटतेय."

"मलापण," तो म्हणाला. "चल."

त्या दिवशी मुक्कामापर्यंत आणि सहाव्या दिवशी स्टेट कॉलेजपर्यंत मी बोलत राहिले. खड्डा, खडी, मागून ट्रक. डावीकडच्या डोंगरावर ढगाची सावली सरकतेय. एक बाई दोरीवर निळे कपडे वाळत घालतेय. दम लागून गप्प झाले की मागून आवाज यायचा, "मग?" हुकूम मात्र एकही नाही. युनिव्हर्सिटीच्या बसेस दिसायला लागल्या तेव्हा मी हँडल सोडून रडले असते, पण ब्रेक माझ्याकडे होते. त्या दिवशी ऋतुजाच्या खोलीवर कुकरमधला वरणभात जेवलो. विलासने तीनदा वाढून घेतला.

परत येताना भाड्याची व्हॅन केली, सायकल मागे आडवी. मी चालवत होते. सहा दिवसांचा रस्ता चार तासांत उलटा गेला. घरी पोचलो तर टपालात विलासच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र होतं, निघायच्या आधी केलेल्या तपासणीचं. बारीक अक्षर त्याला आता वाचता येत नाही. पूर्वी अशी पत्रं मी वाचायची ती गाळून, मधेच "बाकी ठीक आहे" म्हणून घडी घालायची. ते त्याच्यासाठी करते असं मला वाटायचं, पण खरं तर मलाच मोठ्याने वाचवत नसे.

या वेळी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. उजव्या डोळ्याची नजर आणखी आक्रसली आहे, डाव्यातही सुरुवात दिसते, गेलेली नजर परत येणार नाही. एका ठिकाणी माझा आवाज फुटला, तेव्हा पाणी प्यायले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

विलास हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होता. हा माणूस पार्किंगमध्ये गाडीचं दार दोनदा ओढून बघतो, तिकिटावरची वेळ तीनदा विचारतो.

"सगळं वाचलंस?" त्याने विचारलं.

"सगळं."

त्याने पुन्हा विचारलं नाही.