भोकासकट नक्कल

स्वातंत्र्यानंतर चार-सहा वर्षांनी कुंभकोणमच्या मुन्सफ कोर्टात जुन्या कागदांच्या नकला लिहिणारा एक कारकून होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, माझं त्याने फक्त अर्जावर वाचलं. टाक शाईत बुडवला की तो दौतीच्या काठावर तीनदा टेकवायचा. चौथ्यांदा कधीच नाही.

चुलतभाऊ माझ्या विधवा आत्याला तिरुवलंचुळीच्या घरातून काढायला निघाला होता, म्हणून मला आजोबांच्या वेळचं वाटणीचं तडजोडपत्र हवं होतं. त्यात लिहिलं होतं, 'मुलीने मागच्या खोलीत', पुढे कसरीने खाल्लेलं भोक, मग 'राहावे'. कारकुनाने नकलेत भोकाची कड हुबेहूब काढली आणि आतली जागा कोरी सोडली.

"तिथे 'तहहयात' होतं हो. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"मग नक्कल गल्लीकडून घ्या, अय्या," तो वर न बघता तमिळमध्ये म्हणाला.

मी त्याला मनात बरंच काही म्हणालो.

सुनावणीला चुलतभावाने कुठून तरी आणलेली नक्कल पुढे केली. तिच्यात भोक नव्हतं, त्या जागी 'दोन वर्षे' होतं. मुन्सफांनी मूळ कागद मागवला, दोन्ही नकला त्याच्याशेजारी ठेवल्या आणि चुलतभावाकडे चष्म्यावरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कोवळी विड्याची पानं घेऊन कारकुनाकडे गेलो. "अय्या, काल तुमच्यामुळे..."

त्याने टाक तीनदा टेकवला. "अर्जाला तिकीट लावलंय का?"

पानं मी आत्याला दिली. ती मरेपर्यंत त्याच खोलीत राहिली.