झेंड्याची सुरगाठ

कळव्याच्या आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टचा झेंडा बाबाच बांधायचे. घडीत झेंडू आणि तगरीच्या पाकळ्या, वरून सुरगाठ. दोरी ओढली की गाठ आपसूक सुटायची आणि फुलं खाली यायची. गाठ आजोबांची. ते मिठागरात कामाला होते. पहिल्या स्वातंत्र्यदिनी त्यांनी खाडीतल्या होडीच्या डोलकाठीवर झेंडा बांधला, तो याच गाठीने. बाबांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण ते सांगू लागले की ऐकता ऐकता मला धुक्यातली ती होडी दिसायची, तिच्यावर पडणाऱ्या पाकळ्याही.

गेल्या वर्षी बाबांचे हात फार थरथरू लागले होते. सेक्रेटरीबाई गोड आवाजात म्हणाल्या, "काका, यंदा नीट झालं तर पुढेही तुम्हीच. नाहीतर बघू." बाबा हसले, पण त्या संध्याकाळी जेवले नाहीत. चार वेळा सोडून त्यांनी गाठ बांधली.

पहाटे ते आंघोळीला गेले आणि मी, अतिशहाणी, ती गाठ सोडली. सुटली अगदी अलगद. तरी मला विश्वास वाटेना. मी माझ्या हाताने पुन्हा बांधली, जरा पक्की.

खाली कोवळं ऊन होतं, खाडीचा खारा वास होता, सगळं अर्धवट झोपेतलं वाटत होतं. सेक्रेटरीबाईंनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. वर झेंड्याचं गाठोडं नुसतं हललं. सगळ्या माना बाबांकडे वळल्या.

झेंडा खाली घेतला. बाबांनी गाठीवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "वय झालं आता."

त्यांनी नखांनी ती निरगाठ सोडवली. पाकळ्या वरून पडायच्या त्या त्यांच्या चपलांवर पडल्या. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी गॅलरीच्या ग्रिलला दोरी अडकवली. "बस. शीक," म्हणाले.

यंदा झेंडा मी बांधला. पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "बघा, तुमच्या हाताला यश आहे." बाबा खुर्चीत बसून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते, आणि गेल्या वर्षीची ती निरगाठ माझी होती, हे मी यंदाही कुणाला सांगितलं नाही.