करवतीपाशी 'होऽ'

लढाईच्या वर्षांत मी जवळच्या औंढे गावाहून चालत लोणावळ्याला कामाला जायचो. तिथल्या एका लहानशा कारखान्यात लोखंड कापायची पट्टीकरवत होती. दातेरी पात्याचा अखंड वेढा, वरच्या आणि खालच्या चाकावरून गरगर फिरणारा. तिच्या आवाजावर माझा भारी जीव. आजही कुठे लोखंड कापताना ऐकलं की माझे पाय थबकतात.

जोडीदार तळेगावचे, माझ्याहून वयाने मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. नवखा असताना मी गज पात्यावर अंगाचा भार टाकून रेटायचो, नांगर दाबावा तसा. "अरे, जमीन आहे का ती? दात जातील!" भाऊ ओरडायचे. काप धरताना हात हलका ठेवायचा, बारीक नळीला बारीक दातांचं पातं लावायचं, बाही लोंबती नको, कीस ब्रशनेच झाडायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं. आवाज एकसुरी लागला की म्हणायचे, "आता बोलू नकोस, ऐक." मग आम्ही दोघं खुळ्यासारखे ऐकत उभे राहायचो.

एका सकाळी पातं बोथटलं. भाऊंनी करवत फिरवणारा चामडी पट्टा बाजूला सरकवून ती बंद केली आणि ते दांड्यापाशी थांबले. दांडा ओढला की पट्टा चढून करवत पुन्हा सुरू व्हायची. मी नवं पातं बसवायला वाकलो. बोटं पात्याच्या आणि चाकाच्या मध्ये होती, तोच पट्टा आपोआप थोडासा सरकला आणि चाक हळूहळू हलायला लागलं. नेमकं तेव्हाच भाऊंनी विचारलं, "बसलं का? लावू?"

जन्मभर बैल हाकलेला माणूस मी. तोंडातून निघालं, "होऽ! होऽ!"

आमच्याकडे बैल थांबवायला असंच ओरडतात. होकार द्यायचा तर आम्ही 'व्हय' म्हणतो. कधी बैल न हाकलेल्या तळेगावच्या माणसाला ते काय ठाऊक! भाऊंनी दांडा ओढला.

पातं अजून ताणलं नव्हतं, म्हणून ते चाकावरून उडून बाजूला आदळलं. माझा अंगठा फाटला, पण बोटं वाचली. उजवा हात गेला असता तर कारखाना गेला असता आणि शेतीही. भाऊ पांढरेफटक पडले होते.

"तूच हो म्हणालास ना रे?"

"भाऊ, बैलाला म्हंतात तसं म्हनलो मी! थांबा म्हून!"

धावत आलेले बाकीचे कामगार खो खो हसले. रडता रडता मीही हसलो. भाऊ हसले नाहीत.

जखम भरून मी कामावर आलो, तर पातं बदलायला भाऊच बाह्या सारून वाकले होते. "आजपासून दांड्यापाशी तू," ते म्हणाले.

"तुमी कशाला, भाऊ? माजं काम हाय ते."

"मला तुझी भाषा कळली नाही. तुला माझी कळते."

आणि त्यांनी दोन्ही हात आत घातले. "बसलं, लाव," म्हणाले तरी मी दांड्याला हात लावेना. शेवटी ते बाहेर आले, समोर उभं राहून त्यांनी दोन्ही पंजे मला दाखवले, तेव्हा कुठे मी करवत लावली. पुढे तीच आमची रीत झाली. इतका विश्वास माझ्यावर घरच्यांनीही टाकला नव्हता.

भाऊ नोकरीतून मोकळे झाले त्या दिवशी करवत बंदच होती. तरी जाताना ते दारात वळले आणि दोन्ही पंजे वर करून माझ्याकडे बघत उभे राहिले. दहाही बोटं शाबूत होती.