पाचव्या घरचा जोगवा

मला मागता येत नाही. माहेरची शिकवणच तशी, शेजारणीकडून विरजणसुद्धा आणायचं नाही. आणि नेमकी माझ्याच हातात देवीची परडी आली. सासूबाईंनी ती देताना सांगितलं होतं, मंगळवारी पाच घरं जोगवा मागायचा, ओळीनं जायचं, मधलं दार सोडायचं नाही. तीस वर्षं मी हा नेम पाळला, पण खरं सांगायचं तर ताठ मानेनंच पाळला. मूठभर पीठ मागण्यात कसला आलाय कमीपणा!

दोन वर्षांपूर्वी मात्र खरंच मागायची वेळ आली. माधवनगरातल्या आमच्या मागच्या खोलीत हमीदा आणि तिचा नवरा भाड्यानं राहायचे. ब्रह्मदेशात त्यांचं गाव जाळलं गेलं तेव्हा जीव घेऊन पळून आलेले. नवरा कुपवाडला कारखान्यात जायचा, हमीदा माझ्याबरोबर पापड लाटायची. आसरा मागितल्याचा कागद त्यांच्याकडे होता, पण तो पुरेसा ठरला नाही आणि विनापरवाना देशात आल्याबद्दल पोलिसांनी दोघांना ताब्यात घेतलं. हमीदाला सातवा महिना चालू होता.  जाताना तिनं हातातलं लाटणं पोळपाटावर नीट ठेवलं आणि गेली. बाळंतपण तुरुंगात होणार, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी वकिलांकडे गेले.

वकील म्हणाले, गरोदर बाई आहे, जामीन मिळू शकेल, पण खर्च येईल. मग मी परडी उचलली. दर मंगळवारी गल्लीतली पाच घरं आणि बाकीचे दिवस मिळेल ते दार. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीबाहेर चादर पसरली गेली, कारखान्यातल्या पोरांनी आपसात पैसे गोळा करून आणून दिले. एकीनं मला दारातच अडवलं, "देवीच्या परडीत त्या लोकांसाठी मागताय व्हय?"

"देवीनं अजून कुणाचं आधार कार्ड मागितलेलं न्हाई गं," मी म्हटलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण नोट टाकली.

जामीन मंजूर झाला तेव्हा हमीदाला नववा लागला होता. आणि तिथंच घोडं अडलं. जामीनदार हवा होता, ज्याच्या नावावर जमीन आहे असा. पैसे देणारे हात सातबारा म्हटल्यावर मागे गेले. त्यांना तरी काय बोलणार? माझं घर अजून सासऱ्यांच्याच नावावर होतं. त्या संध्याकाळी मी देवीपुढे दिवा लावला आणि पहिल्यांदाच तिच्यावर रागावले. म्हटलं, परडी भरलीस आणि दार बंद ठेवलंस, ही कसली माया? मला जेवढं जमत होतं तेवढं मी केलं, आता तुझं तू बघ. आणि खूप रडले.

सकाळी अंगण झाडत होते, तर फाटकाशी सुभेदार उभे. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, आमच्यापासून पाचवं घर त्यांचं. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातली परडी कायमची गेली होती. कधीतरी त्यांनी मला ऐकवलं होतं, "देवीच्या नावानं मागणं आमच्या घरानं कवाच सोडलंय." तेव्हापासून मी त्यांचं दार ओलांडून सहाव्या घराला पाचवं मानत आले. लोकांना सांगायची, त्यांचा मान राखते. पोटात मात्र राग होता.

"आवं ताई, समदी गल्ली फिरलासा, माझंच दार का सोडलंसा?"

"तुम्हाला जोगवा चालत न्हाई नव्हं."

"परडीत मी काय टाकणार न्हाई, खरं हाय. पर माणसासाठी मागाय आला असतासा, तर न्हाई म्हटलं असतं व्हय?" त्यांनी पिशवीतून कागद काढला. मिरजेकडच्या दीड एकराचा सातबारा.

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, "जमीन अडकंल, दादा. ती पळून गेली तर?"

"पळायचं तेवढं पळून झालंय तिचं," ते म्हणाले.

चार दिवसांनी हमीदा घरी आली. पुढच्या पंधरवड्यात सांगलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. नवरा अजून आतच आहे, त्याच्यासाठी मागणं चालू आहे. हा चमत्कार होता का, हे मला ठाऊक नाही. देवीनं त्यांना पाठवलं, असं म्हटलं तर सुभेदार हसतील. मला एवढंच कळलं, की तिच्या नेमातल्या पाच दारांतलं एक मी माझ्या मर्जीनं बंद केलं होतं आणि वर तिलाच दोष देत होते.

आमच्याकडे नव्या बाळाला पाच घरचं जुनं, मऊ कापड मागून आणतात. बारशाआधी मी निघाले. परडी देव्हाऱ्यात ठेवली. चार घरं झाली आणि पाचव्या दारापुढे पाय आपोआप थांबले. सुभेदार बाहेर आले.

"आज परडी न्हाई?"

"न्हाई, दादा. माणसासाठी मागाय आलेय."

ते आत गेले आणि बायकोचं धुऊन मऊ झालेलं पांढरं लुगडं घेऊन आले. मी पदर पसरला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझी मान खाली होती.