पुठ्ठ्याची खिडकी

१७ जुलै २०२३, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी किनवटच्या मुलींच्या वसतिगृहातून आरोग्यसेविकेचा फोन आला. मी नांदेडला घरी होतो.

"साहेब, खिडकीत भलतंच येऊन राहिलं. तिसरीच्या पोरीला तीन गोळ्या म्हणते."

"दुसरीच्या मुलीला किती दिल्या?"

"दोन. गिळल्या तिनं."

तिला एकच द्यायची होती. गोळी रक्ताच्या आजाराची. दुप्पट झाली तर काय होते, हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांना विचारले. मुलीला झोपवून ठेवा, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, असे ते म्हणाले. उरलेल्या मुलींच्या मात्रा मी फोनवर एकेक करून वाचून दाखवल्या.

वसतिगृहांच्या नोंदींचा प्रोग्राम मी लिहिलेला. संगणकाचा काळा पडदा; 'यादी' हा शब्द टाइप करून एंटर दाबले की ओळी येतात: नाव, इयत्ता, मात्रा. मथळे नाहीत, रेघा नाहीत. किनवटच्या सेविकेने मात्रेच्या जागी उभी फट कापून पडद्यावर पुठ्ठा चिकटवला होता. त्या फटीला ती खिडकी म्हणे. तिचे पाहून हदगाव आणि मुखेडनेही पुठ्ठे लावले.

लातूरच्या वसतिगृहात मात्र सगळ्या सेविका नव्या. इयत्ता कोणती आणि मात्रा कोणती, हे त्यांना नुसत्या ओळींवरून उमगेना. म्हणून माझ्यानंतर हे काम सांभाळणाऱ्या मुलीने रविवारी यादीला मथळे आणि चौकटी दिल्या. रकाने उजवीकडे सरकले. किनवटच्या फटीत मात्रेऐवजी इयत्ता आली. पहिलीच्या मुलींना एक दिसली. त्यांची मात्रा तेवढीच होती. दुसरीला दोन. तिसरीला तीन आल्यावर सेविकेचा हात थांबला.

मथळे देणाऱ्या त्या मुलीला मी फोन करून जुनी मांडणी परत लावायला सांगितले.

"सर, पुठ्ठ्याच्या भोकासाठी प्रोग्राम लिहायचा का आपण?"

"आज लिहायचा."

"आणि लातूरला चुकलं तर?"

प्रत्येक वसतिगृहाला वेगळी मांडणी द्यावी, तर सेविकांच्या बदल्या होतात. बदलून आलेली बाई सवयीनेच वाचणार. मथळे देणाऱ्या मुलीचेही खरे होते, माझेही. दोघांचे खरे एका पडद्यावर मावत नव्हते. जुनी मांडणी आपोआप यावी आणि 'यादी मथळे' असे टाइप केल्यास नवी दिसावी, असे शेवटी ठरले. लातूरच्या सेविकेला तसे कळवले.

"दुसरा शब्द विसरले तर, काका?"

"जुनी यादी येईल."

"म्हणजे पुन्हा तेच की."



दिवसभर फोन हाताशी ठेवून बसलो. दुसरे करण्यासारखे काही नव्हते. संध्याकाळी किनवटहून फोन आला.

"उठून बसली, साहेब. भात मागून राहिली. डॉक्टरनं बी बघितलं. तुमच्या मशीनीला म्हणा, तूच राह्य आता उपाशी."

मी बरे म्हणालो आणि फोन ठेवला.

मग जुनी यादी पडद्यावर आणली. चपलांच्या खोक्याचे झाकण घेतले, मात्रेचा रकाना पेन्सिलीने आखला आणि ब्लेडने फट कापली. फटीच्या वर 'मात्रा' असे लिहिले. पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळला, बसस्थानकावर गेलो आणि लातूरच्या शेवटच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला.